वाचता न येणारी अक्षरे
कन्नड तालुक्यातल्या पितळखोरा लेण्यांत ब्राह्मी लेख आहेत. खांबासाठी दान देणाऱ्या पैठणच्या गंध्याचा, म्हणजे अत्तरविक्याचा उल्लेख त्यांतल्या एकात येतो. ब्राह्मी न येणाऱ्याला मात्र तिथे नुसत्या रेषा दिसतात. तरीही नजर खिळते. ‘असेमिक’, म्हणजे अर्थमुक्त लेखन याच ओढीवर उभे आहे. फरक इतकाच, की इथे उलगडायला मजकूर मुळातच नसतो.

मराठी माणसाला याचा सर्वांत सुंदर प्रत्यय, माझ्या मते, वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या चित्रांत येतो. नागपुरात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत, खरवडत. कागदाचे तुकडे दाबून रंग उमटवत. त्या थरांतून चित्रलिपीसारख्या खुणा वर येतात, पण त्या कुठल्याच लिपीच्या नाहीत. झेन विचारांची त्यांना ओढ होती.

स्वतः करून पाहायचे तर मोडीच्या वळणाची सलग ओळ बोरूने, वेग बदलत ओढा. वर फाटका कागद चिकटवा, पातळ पांढरा रंग फिरवा, ओला असतानाच खरवडा. ओळखीचे अक्षर उमटले, तर डोळा लगेच वाचू लागतो. तेवढे मात्र पुसून टाका.