दाताच्या कण्या

सोलापूरकडचे एक काका. घशाच्या कॅन्सरसाठी 35 शेक घ्यायचे होते. रेडिएशनला पेशंट 'शेक' म्हणतात, आणि चार महिने इथं काढले की डॉक्टरही तेच म्हणायला लागतात. शेक सुरू होण्याआधी मी त्यांच्या खालच्या तीन किडक्या दाढा काढायला सांगितल्या. काका भडकलेच.

"रोग घशात, आन् तुम्ही दाढा उपटायलाय व्हय, म्याडम?"

कॅन्सर हॉस्पिटलातल्या दंतवैद्याला हा प्रश्न रोज ऐकावा लागतो. शेकानंतर खालच्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. मग दाढ काढली तर जखम भरत नाही, कधी कधी हाडच मरतं. म्हणून किडकं ते आधी काढायचं आणि जखम भरायला दहा-चौदा दिवस द्यायचे. तेवढ्या दिवसांत रेडिएशनच्या डॉक्टरांचा रोज फोन: "झालं का तुमचं?"

खरं भांडण मात्र आमच्या डाएटिशियनशी. तिचा तक्ता ठरलेला. दर दोन तासांनी काहीतरी पोटात गेलंच पाहिजे: खीर, गूळ घातलेलं नाचणीचं सत्त्व, साखर-दूध. तिचंही बरोबर होतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येतं, गिळणं नकोसं होतं आणि वजन उतरतं. वजन फार उतरलं की शेकाच्या वेळी डोकं हलू नये म्हणून बांधतात तो जाळीचा मुखवटा सैल पडतो. कधी कधी सगळं मोजमाप पुन्हा करावं लागतं.

पण शेकानं लाळही आटते. एरवी दिवसाला लिटरभराच्या आसपास तयार होणारी लाळ दात धूत असते. ती नसताना दर दोन तासांनी गूळ? काही महिन्यांत दात हिरडीलगत काळे पडून मोडतात. हे मी तिला कॉरिडॉरमध्ये दाताच्या कण्या होईपर्यंत सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, "आधी माणूस की आधी दात?" तोंड आल्याचे ते वाईट आठवडे मी तिला सोडून दिले. बदल्यात तिच्या तक्त्यात माझी एक ओळ घुसली: प्रत्येक घोटानंतर मीठ आणि खायच्या सोड्याच्या पाण्यानं चूळ.

चौथ्या आठवड्यात काकांचं वजन तीन किलो उतरलं. तक्त्यावर मात्र सगळ्या बरोबरच्या खुणा. डाएटिशियन माझ्याकडे बघे, मी तिच्याकडे. शेवटी मी म्हटलं, "काका, माझ्यासमोर जेवा."

काकूंनी डबा उघडला. दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी. काकांनी घास घेतला. लाळ नाही, दाढा नाहीत. घास टाळूला चिकटून तसाच फिरत राहिला. काकू पाण्याची बाटली शोधायला वाकल्या, तेवढ्यात घास रुमालात गेला आणि रुमाल खिशात. खूण करायला पेन बाहेर.

काकू चूळ भरायचं पाणी आणायला गेल्या तेव्हा विचारलं. म्हणाले, "चारला उठून करती ओ. नको कसं म्हणू?"

दोघं उतरले होते त्या धर्मशाळेच्या खोलीत मिक्सर कुठला असणार! आमच्या खोलीत दातांचे साचे करायच्या प्लॅस्टरच्या पोत्यांशेजारी एक जुना मिक्सर होता, कुणी पेशंट जाताना ठेवून गेलेला. त्यात काकू ज्वारीच्या कण्या दूध-तूप घालून गंधासारख्या वाटून घेऊ लागल्या. आठवड्याभरात काटा थांबला. वाढला नाही, पण थांबला. आम्हाला तेवढंही पुष्कळ असतं.

शेक संपले. जबडा आखडू नये म्हणून दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून तोंड उघडायचा व्यायाम चालू राहिला, आणि रात्री फ्लोराइड. सहा महिन्यांनी काका रबरबँड लावलेला काड्यांचा जुडगा दाखवायला आले. आधीपेक्षा सहा काड्या जास्त बसत होत्या.

"आता ठेचा कधी खायचा, म्याडम?"

मी म्हटलं, डाएटिशियनला विचारा. दहा मिनिटांनी परत आले. "त्या म्हणत्यात, दातवाल्या म्याडमना विचारा."