गुस्ताव क्लिम्ट यांच्या ‘मृत्यू आणि जीवन’ या चित्रातील प्रतीकयोजना

प्रस्तावना :
रूपकात्मक चित्राचा अर्थ लावताना कवटी म्हणजे मृत्यू, फूल म्हणजे जीवन, अशी ठरीव समीकरणे वापरण्याची प्रवृत्ती आढळते. या पद्धतीची मर्यादा ऑस्ट्रियन चित्रकार गुस्ताव क्लिम्ट (१८६२–१९१८) यांच्या व्हिएन्ना येथील लिओपोल्ड संग्रहालयातील ‘मृत्यू आणि जीवन’ या तैलचित्राच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रतीकांचे परस्परसंबंध :
चित्राच्या डाव्या बाजूस क्रूसचिन्हांकित गडद वस्त्र पांघरलेला, हाती लहानशी गदा घेतलेला सांगाडा एकटा उभा आहे. उजवीकडे बालक, माता, वृद्धा आणि आलिंगनबद्ध स्त्री-पुरुष रंगीबेरंगी, फुलांच्या नक्षीत एकमेकांत गुंफलेले आहेत. दोहोंमध्ये रिकामी जागा आहे. मध्ययुगाच्या उत्तरार्धात युरोपात रूढ झालेल्या ‘मृत्यूचे नृत्य’ या चित्रपरंपरेत मृत्यू राजापासून शेतकऱ्यापर्यंत प्रत्येकाचा हात धरून त्याला ओढून नेतो. क्लिम्ट यांचा मृत्यू मात्र कोणालाही स्पर्श करीत नाही, तो केवळ पाहतो. जीवनसमूहातील बहुतेकांचे डोळे मिटलेले आहेत. डाव्या कडेच्या एका स्त्रीचे डोळे तेवढे उघडे आहेत. मृत्यूचे अस्तित्व सर्वांसाठी आहे, परंतु त्याची जाणीव क्वचितच कोणाला होते, असे या दृष्टिभेदावरून म्हणता येते. हा अर्थ केवळ कवटीतून किंवा फुलातून मिळत नाही. तो अंतर, दृष्टी आणि समूहरचना यांच्या संबंधातून निर्माण होतो.

पुनर्लेखन आणि अर्थ :
१९११ मध्ये रोम येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात या चित्रास प्रथम पारितोषिक मिळाले. तरीही १९१५ च्या सुमारास क्लिम्ट यांनी ते पुन्हा हाती घेतले आणि मूळची पार्श्वभूमी करड्या रंगाने झाकली. हा बदल पहिल्या महायुद्धाच्या काळातील असल्याने संपूर्ण चित्रच युद्धाची प्रतिक्रिया मानण्याचा मोह होतो. परंतु मूळ कल्पना युद्धापूर्वीची असल्याने हे अनुमान टिकत नाही. फार तर पार्श्वभूमीतील बदलापुरता युद्धकाळाचा संदर्भ विचारात घेता येईल.

समारोप :
सारांश, प्रतीकाचा अर्थ स्वयंसिद्ध नसून चित्रातील त्याचे स्थान आणि चित्राचा निर्मितीक्रम यांवर तो अवलंबून असतो. विद्यार्थ्यांना प्रतीकांची यादी देण्यापूर्वी चित्राचे बारकाईने निरीक्षण करण्यास शिकविणे म्हणूनच अगत्याचे ठरते.