कळसूबाईची अट

कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट उंच. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही, हे आपण शाळेत भूगोलात घोकलेले असते. पण ही बाई कोण, ते भूगोल सांगत नाही.

ते कळते बारीला. अकोले तालुक्यातले हे पायथ्याचे गाव, वस्ती महादेव कोळ्यांची. कळसू ही कोळ्यांचीच पोर. इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली ती अट घालून : केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. एके दिवशी पाहुणे फार आले आणि तिला भांडी घासायला लावली. तिने घासली आणि तडक डोंगर चढून गेली, ती पुन्हा उतरली नाही. भांडी घासली त्या जागेला 'थाळेमेळ' म्हणतात.

मी १९८२ साली बँकेत रुजू झाले. नेमणूकपत्रात अटी पुष्कळ होत्या, सगळ्या बँकेच्या. शाखेत मी एकटीच बाई. पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, "बरं झालं तुम्ही आलात, आता चहाचं तुम्ही बघा." वर्षभर मी लेजर आणि चहा, दोन्ही बघितले. डोंगर चढून जाण्याची सोय नव्हती. घरी दोन भाऊ शिकत होते.

चढ मात्र खराच दमवतो. लाव्ह्याचे थरावर थर साचून हा सह्याद्री झाला. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थराची सपाटी. म्हणून दम लागतो, सुटतो, पुन्हा लागतो. कड्यांना आता लोखंडी शिड्या आहेत. पूर्वीची माणसे कातळ धरून चढत. नवरात्रात इथे जत्रा भरते, तेव्हा म्हाताऱ्या बायाही देवीसाठी वर येतात. मी गुडघ्याला पट्टा बांधून साडेतीन तासांत पोचले.

माथ्यावर देवीचे इवलेसे देऊळ. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग एका रांगेत. दक्षिणेला भंडारदऱ्याचे पाणी. प्रवरेवरचे ते धरण १९२६ साली पुरे झाले.

देवळापाशी बारीची एक बाई लिंबू सरबत विकत होती. पाण्याचे कॅन तिनेच डोक्यावरून आणलेले. मी विचारले, "कळसूबाई परत खाली आलीच नाही का हो?"

"कशाला येतीय?" पेला विसळता विसळता ती म्हणाली. "सुटे पैसे हायेत का, ताई?"