दिल्ली पासिंगची एसयूव्ही स्वस्तात मिळतेय? टोकन देण्याआधी हे वाचा

सात सीटची डिझेल एसयूव्ही, दिल्ली पासिंग आणि किंमत इथल्यापेक्षा कमी! असं का? राजधानी परिसरात १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून अनेक मालक ती मुदत भरण्याआधीच गाडी विकायला काढतात.

खरा खर्च पुढे आहे. परराज्यातली गाडी महाराष्ट्रात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल, तर एमएच नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी (फॉर्म २८) लागते आणि इथला रोड टॅक्सही भरावा लागतो. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी मागा. थकलेली चलनंही तपासा.

हा सगळा खर्च किमतीत मिळवा आणि मगच इथल्या गाडीशी तुलना करा.