आधी ऑनलाइन, मग वांद्रे

वांद्रे-कुर्ला संकुलातलं ॲपलचं दालन १८ एप्रिल २०२३ रोजी उघडलं. त्याआधी दर्शनी भागावर काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या धर्तीची चित्रं होती. आत मान वर केली की लाकडी त्रिकोणांचं छत दिसतं. पण ॲपलचं भारतातलं पहिलं स्वतःचं दुकान हे नव्हेच. ऑनलाइन दुकान २३ सप्टेंबर २०२० पासून चालू होतं. २०१९ मध्ये सरकारने नियम सैल केले, म्हणून ऑनलाइन विक्रीआधी प्रत्यक्ष दुकान थाटण्याची अट उरली नव्हती.

संगणक बनवणारी ही कंपनी इंटरनेटच्या धंद्यात हळूहळू उतरली. १९९७ मध्ये तिने आपली यंत्रं संकेतस्थळावरून थेट विकायला घेतली. २००३ मध्ये गाणी आली. खरी कलाटणी २००८ च्या ॲप स्टोअरने दिली: ॲप दुसऱ्यांनी बनवायची, विक्रीतले ३० टक्के ॲपलचे. यंत्र एकदाच विकलं जातं. त्यावरची खरेदी वर्षानुवर्षं चालते. सारी मेख इथेच आहे. लहान विकसकांसाठी हा वाटा २०२१ पासून १५ टक्के झाला. घरातून एकट्याने ॲप बनवणाऱ्याला मात्र तोही जडच जातो, असं मला मनापासून वाटतं.