लहान इंजिनं, लेखांक ७ : प्लगला करंट नाही

मागच्या लेखांकात आपण कार्ब्युरेटर साफ केला. पेट्रोल ताजं आहे, प्लग काढून पाहिला तर ओला आहे, म्हणजे पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतंय. तरी दोरी ओढून खांदा दुखायला लागला, पण गवत कापायचं मशीन काही दाद देत नाही. आता संशय करंटवर. इथे बहुतेक जण ‘कॉइल गेली’ असा निकाल देतात आणि नवी कॉइल आणायला निघतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, कॉइलला सर्वांत शेवटी हात लावा.

या इंजिनाला बॅटरी लागत नाही. फ्लायव्हीलच्या कडेला बसवलेलं लोहचुंबक कॉइलला जवळजवळ घासून जातं, त्याबरोबर कॉइलमधल्या जाड तारेच्या मोजक्या वेढ्यांत प्रवाह तयार होतो. तो ऐन क्षणी तोडला की बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत दहा हजार व्होल्टच्याही वर दाब उसळतो. हे तोडण्याचं काम पूर्वी पॉइंट करायचे, आणि त्यांवर तेल-गंज चढला की करंट गायब व्हायचा. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीने १९८२ मध्ये ‘मॅग्नेट्रॉन’ आणलं. आता कॉइलबरोबर सीलबंद केलेला ट्रान्झिस्टर ते काम करतो. त्यात बिघडण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

मग करंट जातो कुठे? कॉइलवरून एक बारीक तार निघते. ती इंजिनाच्या बॉडीला टेकली की ठिणगी पडणं थांबतं. इंजिन बंद करायची पद्धतच ही. १९८२ सालीच अमेरिकेत नियम लागू झाला की चालत ढकलायच्या मशीनचं हँडल सोडल्यावर पातं तीन सेकंदांत थांबलं पाहिजे. हँडलला दाबून धरायचा दांडा असतो तो यासाठीच. बऱ्याच मशीनांत दांडा सोडला की फ्लायव्हीलला ब्रेक लागतो आणि ही तारही बॉडीला टेकते. पण उन्हाळाभर कोपऱ्यात पडून राहिलेलं मशीन पावसाळ्यात बाहेर काढलं आणि दांड्याची केबल गंजून अडकलेली असली, की दांडा दाबूनही तार सुटत नाही. उंदराने तारेचं कव्हर कुरतडलं तरी परिणाम तोच. काही इंजिनांत तेल कमी पडल्यावर सेन्सरही अशाच प्रकारे करंट तोडतो, म्हणून आधी तेलाची पातळी बघून घ्या.

तपासणी अशी करा. नवा प्लग कॅपमध्ये बसवा आणि त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा. जुना प्लग मात्र भोकात परत आवळून ठेवा. उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ फेकली जाते आणि ती ठिणगीने पेटू शकते. दांडा दाबून धरा, पात्यापासून पाय लांब ठेवा आणि दोरी जोरात ओढा. हळू ओढली तर चुंबकाचा वेग पुरत नाही. ‘टक्’ आवाज करणारी निळसर ठिणगी दिसायला हवी. फिकट पिवळी दिसली तर समाधान मानू नका, कारण सिलिंडरमधल्या दाबाखाली ठिणगी पाडायला बाहेरच्यापेक्षा बराच जास्त जोर लागतो.

ठिणगीच नाही? मग वरचं कव्हर उतरवा, कॉइलवरची ती बारीक तार सुटी करा आणि पुन्हा ओढा. आता ठिणगी पडली तर कॉइल ठणठणीत आहे. दोष तारेत, स्विचमध्ये नाहीतर केबलमध्ये आहे, तो शोधा. तार सुटी ठेवून मशीन कधीही चालवू नका, ते बंद करता येणार नाही.

तार सोडूनही काही दिसलं नाही, तर फ्लायव्हीलचं चुंबक आणि कॉइलचे पाय बघा. गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने काढा. मग दोन्हींच्या मधली फट बघा. अनेक इंजिनांत ती ०.२५ ते ०.३५ मिलिमीटर असते, पण नेमका आकडा पुस्तिकेतच पाहावा. फीलर गेज नसेल तर साधं व्हिजिटिंग कार्ड चालतं. कार्ड मध्ये घाला, कॉइलचे बोल्ट सैल करा, चुंबक कॉइलला ओढून घेईल, तसेच बोल्ट आवळा आणि फ्लायव्हील फिरवून कार्ड काढून घ्या.

हे सगळं झाल्यावर संशय कॉइलवर. थोडा वेळ चालून मशीन बंद पडतं आणि थंड झाल्यावर बिनबोभाट सुरू होतं, ही कॉइल गेल्याची ठळक खूण. अशी कॉइल थंड असताना मल्टिमीटरवर चांगली दिसते, म्हणून बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच ठिणगी तपासा.

ठिणगी चांगली आहे, तरी इंजिन लागत नाही आणि दोरी हाताला उलटा झटका देते, असं असेल तर मशीन शेवटचं चाललं तेव्हा पातं दगडावर आदळलं होतं का, ते आठवा. फ्लायव्हील ज्या मऊ धातूच्या चावीने शाफ्टवर बसतं, ती अशा वेळी कापली जाते आणि टायमिंग सरकतं. ती चावी बदलायची कशी, ते पुढच्या लेखांकात.