गाडी घेण्याआधी फेऱ्या मोजा



आंजर्ल्यात एका तरुणानं मला विचारलं, "सर, ई-रिक्षाला कर्ज मिळतंय. घेऊन टाकू का? कासवं बघायला माणसं येतात, कड्यावरच्या गणपतीला येतात. धंदा चालणारच ना?"

मी म्हटलं, "ते मी नाही सांगणार, तुझी वही सांगेल. वही आहे का?" वही नव्हती. म्हणून हा लेख.

प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हटलं की आपल्याला मेट्रो नाहीतर धरण आठवतं. पण एक रिक्षा रस्त्यावर आणणं हासुद्धा प्रोजेक्टच आहे. त्यालाही उद्देश, मुदत, खर्च आणि धोका असतो. चला, एकेक बघू.

१. अडचण नेमकी कुणाची?

आंजर्ल्याजवळचंच उदाहरण घ्या. दाभोळहून पलीकडे गुहागर तालुक्यात गाडी न्यायची, तर वाशिष्ठीच्या खाडीला चिपळूणमार्गे मोठा वळसा पडायचा. २००३ साली डॉ. चंद्रकांत मोकल यांच्या सुवर्णदुर्ग शिपिंगनं दाभोळ–धोपावे फेरीबोट सुरू केली. गाडी बोटीवर चढवा, पलीकडे उतरवा. वेळ वाचला, डिझेल वाचलं. पुढे वेसवी–बागमांडले अशा मार्गांवरही त्यांच्या बोटी आल्या. त्यांनी आधी वळसा ओळखला, मग बोट आणली.

आता आंजर्ल्यात हाच प्रश्न विचारा. स्वतःच्या कारनं आलेल्या पाहुण्याला तुमची रिक्षा कशाला लागेल? दापोलीहून एसटीनं येणाऱ्याला लागेल. अरुंद गल्लीत कार काढायला नको म्हणणाऱ्याला लागेल. कडा चढू न शकणाऱ्या आजी-आजोबांना लागेल. हे तुमचं खरं गिऱ्हाईक. ते किती आहे, ते मोजा.

२. सीझनचा हिशोब

खालचे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा, बँकेचा हप्ता महिना ९,००० रुपये. चार्जिंग, दुरुस्ती, विमा मिळून ३,०००. म्हणजे महिना १२,०००, वर्षाला १,४४,०००. हप्ता पावसाळ्यातही थांबत नाही, हे लक्षात ठेवा.

नोव्हेंबर ते मे साधारण ३० शनिवार-रविवार, म्हणजे ६० दिवस. १,४४,००० भागिले ६०, दिवसाला २,४०० रुपये झाले. एका फेरीला २०० मिळाले तर रोज १२ फेऱ्या. आणि यात तुमची स्वतःची मजुरी अजून आलेलीच नाही!

बरं, गर्दी सगळी एकाच वेळी. कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ती सकाळी लवकर आणि संध्याकाळी. सगळ्या होमस्टेच्या पाहुण्यांना त्याच तासात किनाऱ्यावर पोहोचायचं असतं. ई-रिक्षात नियमानं चालक सोडून ४ प्रवासी. तासाला तीन फेऱ्या मारल्या तरी १२ माणसं. बाकीची तुमच्यासाठी थांबणार नाहीत. अंडी घातल्यापासून पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात आणि नेमका दिवस निसर्ग ठरवतो. म्हणजे "अमुक तारखेला धंदा" असंही पक्कं धरता येत नाही.

मग काय, धंदा सोडायचा? नाही. मधल्या वारांचं काम शोधायचं. शाळेची पोरं, दवाखान्याला जाणारी माणसं, होमस्टेचा बाजार. पाहुणा हा वरकड, गाव हा पाया.

३. आधी छोटी चाचणी

माथेरानला मोटारगाड्यांना बंदी. तिथं माणसंच हातरिक्षा ओढायची. ई-रिक्षा आणायची ठरली तेव्हा एकदम शेकडो गाड्या आल्या नाहीत. सुप्रीम कोर्टाच्या परवानगीनंतर ५ डिसेंबर २०२२ पासून ७ ई-रिक्षांवर तीन महिन्यांची चाचणी झाली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. आधी थोडक्यात करून बघायचं, मग वाढवायचं.

तुम्हीही तेच करा. गावातल्याच एखाद्या रिक्षावाल्याला चार शनिवार-रविवार, म्हणजे ८ दिवस, दिवसभरासाठी ठरवा. समजा दिवसाला १,५०० द्यावे लागले, तर एकूण १२,००० झाले. एकही प्रवासी आला नाही तरी नुकसान एका महिन्याच्या खर्चाएवढंच. रोज वहीत चार गोष्टी लिहा: किती वाजता, कुठून कुठे, किती माणसं, किती पैसे. पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: कितीजणांना नाही म्हणावं लागलं.

चढही तपासा. भरलेली गाडी कड्यावर चढते का, हे विक्रेत्याच्या कागदावर बघू नका, चढावरच बघा. ई-रिक्षाचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, म्हणून दापोलीची स्वप्नं नकोत. गावातल्या फेऱ्यांपुरतंच ठरवा. आणि गाडी पुळणीवर कधीच न्यायची नाही. उजेडानं पिल्लं वाट चुकतात. कासवंच राहिली नाहीत, तर पाहुणे तरी कशाला येतील?

४. तारीख उलटी मोजा

नोव्हेंबरला गाडी हवी, तर मागे मोजत या. कर्ज मंजुरी, नोंदणी, चार्जिंगचं मीटर, लायसन्स. लर्निंगनंतर पक्क्या लायसन्ससाठी किमान ३० दिवस थांबावंच लागतं. कुठलं काम दुसऱ्यावर अडून आहे ते कागदावर मांडा. अडलेल्या कामांची सगळ्यात लांब साखळी म्हणजे 'क्रिटिकल पाथ'. तिथला एक दिवस गेला की सीझनचा एक दिवस गेला. होमस्टेवाल्यांशी बोलणी मात्र आजपासून करता येतात. त्यांना कुठल्याही कागदाची वाट बघायची नाही.

५. पूल झाला तर?

आंजर्ल्याची खाडीही लोक एकेकाळी होडीनं ओलांडायचे. पूल झाला, होडीची गरज सरली. आता सागरी महामार्गावर मोठ्या खाड्यांवरही पूल बांधायचं ठरलंय, म्हणजे फेरीबोटीलाही हा प्रश्न आहेच. तुमच्या धंद्याचा 'पूल' कुठला? उद्या दुसऱ्यानं पाच रिक्षा आणल्या तर? कर्ज फिटायच्या आत असं होऊ शकतं का? उत्तर 'हो' असेल, तर कर्जाची मुदत कमी ठेवा किंवा जुनी गाडी घ्या.

त्या तरुणानं अजून सही केलेली नाही. वही मात्र घेतलीय.

तुमचा गृहपाठ: कर्जाच्या फॉर्मआधी ८ दिवसांची वही. भरली की हप्त्याचं गणित मांडा. गणित जमलं तर बिनधास्त घ्या, नाही जमलं तर १२,००० मध्ये लाखाचं शहाणपण मिळालं म्हणा.